लॉर्नाबाईंचा दुसरा खटला

टॅरावे गावच्या बोल्स क्लबाच्या, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवत खेळणाऱ्यांच्या क्लबाच्या, चिटणीस लॉर्ना व्हिटी यांच्यावर खुनाचा खटला दुसऱ्यांदा उभा राहिला, तेव्हा बाईंना राग आला तो सरकारचा नव्हे, पहिल्या ज्युरीचा. बारा माणसं पाच दिवस एका खोलीत बसली आणि शेवटी 'आमचं एकमत होत नाही' म्हणून हात झटकून घरी गेली!

"माझ्या क्लबात अशी समिती असती ना, तर मी तिला चहासुद्धा पाजला नसता," त्या आपल्या वकिलाला, डरमट क्विलला, म्हणाल्या.

मेला होता ॲथोल प्रिंगल, क्लबाची हिरवळ राखणारा. एका सकाळी तो अवजारांच्या शेडच्या दारात, अर्ध्या टनाच्या लोखंडी रोलरखाली सापडला. आदल्याच दिवशी गवत किती मिलिमीटर ठेवायचं यावरून त्याचं आणि लॉर्नाबाईंचं सगळ्यांदेखत वाजलं होतं. 'तुला या रोलरखाली घातला पाहिजे,' असं बाई म्हणाल्या होत्या. नुसत्या म्हणाल्या नव्हत्या, सभेच्या इतिवृत्तात त्यांनी ते स्वच्छ अक्षरात लिहूनही ठेवलं होतं.

आता प्रश्न एवढाच, की रोलर आपणहून घरंगळला की कुणी ढकलला? पहिल्या खटल्यात दोन तज्ज्ञ दोन दिवस आकडेमोड करत बसले. शेडमध्ये जाऊन बघायचं कुणाला सुचलं नाही.

"या खेपेला विचारलं तेवढंच बोला, बाई," डरमट काकुळतीला आला होता.

सरकारी वकील हंफ्री लँगट्री यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "प्रिंगल तुम्हाला आवडायचा?"

"मुळीच नाही. तुम्हाला आवडला असता वाटतं? पाय पुसत नसे मेला."

डरमटनं कपाळावर हात मारून घेतला.

"मग तो गेला, याचं दुःखही नसेल?"

बाईंनी चष्मा काढून पदकासारखा छातीशी धरला. "बावीस वर्षं भांडलो आम्ही," त्या म्हणाल्या. "बाकीचे सगळे नुसतं ऐकून घेतात हो."

चौथ्या दिवशी न्यायाधीशांनी ज्युरीसकट सगळ्यांना शेड दाखवायला नेलं. लँगट्री विग आणि झगा सावरत रोलरपुढे उभे राहिले. पोलिसांनी मागाहून लावलेली पाचर त्यांनी पायानं उडवली आणि रोलरकडे पाठ करून ज्युरीला म्हणाले, "पाहा! हे धूड आपणहून इंचभरसुद्धा हलणार नाही."

"पाय काढा तिथून," लॉर्नाबाई म्हणाल्या.

"आरोपीनं मध्ये बोलू नये!" लँगट्रींनी दटावलं.

"अरे मेल्या, पाय काढ!"

दुपारच्या झोपेतून उठणाऱ्या बैलासारखा रोलर निवांत हलला. लँगट्रींच्या डाव्या पावलावरून गेला, त्यांचा झगा पोटाखाली घेतला आणि झग्यामागून वकीलसाहेबांना ओढत दाराबाहेरच्या उतारावरून थेट गुलाबाच्या ताटव्यात जाऊन थांबला. ज्युरीतले तिघे बाकावर चढले. विग मात्र दारातच राहिला.

"नोंद घ्या," न्यायाधीश कारकुनाला म्हणाले. "रोलर हलला."

"आणि बूट घालून हिरवळीवर कुणी धावू नका!" लॉर्नाबाई ओरडल्या.

वीस मिनिटांत ज्युरी परतली. निर्दोष! तेही एकमतानं.

"वीस मिनिटं कशाला लागली?" बाईंनी ज्युरीच्या प्रमुखाला तिथल्या तिथे विचारलं.

"चहा गरम होता, बाई," तो खाली मान घालून म्हणाला.

त्या रविवारी लॉर्नाबाई घरी केलेले, खोबऱ्यात घोळवलेले चॉकलेटचे केक घेऊन इस्पितळात गेल्या. लँगट्रींचा पाय प्लास्टरमध्ये टांगला होता. त्यांनी एकदा बशीकडे पाहिलं, एकदा बाईंकडे.

"आधी तुम्ही खा," ते म्हणाले.

बाईंनी एक खाल्ला. ते बघत राहिले. बाईंनी दुसरा खाल्ला, बोटं चाटली आणि तिसऱ्याला हात घातला, तशी लँगट्रींनी झडप घालून बशी ओढून घेतली.

"अहो, मला ठेवाल की नाही!"