हात बाहेर

घड्याळजींचे हात म्हणजे घरादाराला ताप. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद करून वर्षं लोटली, पण हात काही निवृत्त व्हायला तयार नाहीत. लेक नवऱ्याबरोबर मोठ्या घरात राहायला गेली, तर तिथेही हे रोज हजर. कधी नळ, कधी कुलूप, कधी नीट लागलेला पडदा उगाच पुन्हा लावायला. शेवटी आज सकाळी तिने फोनवर सांगूनच टाकलं, "बाबा, थोडे दिवस येऊ नका. आमचं घर आम्हाला लावू द्या."

ते घड्याळजींना फार लागलं. उठले आणि जुन्या काचेच्या टाकीतली प्रवाळं नव्या, मोठ्या टाकीत हलवायला घेतली.

काम मात्र चोख. खाऱ्या पाण्याची ऊब दोन्हीकडे जुळवली, बारीक नळीने नवं पाणी थेंबाथेंबाने जुन्यात मिसळलं, मग प्रवाळ चिकटलेला एकेक दगड उचलला. सगळ्यात शेवटी ठमी. लेकीने या प्रवाळाचा नखाएवढा तुकडा आणला होता, नावही तिनेच ठेवलेलं. आता ठमी ओंजळभर झाली होती, अंगभर इवली हिरवी तोंडं. नव्या टाकीत जाताच तिने ती सगळी मिटून घेतली.

मिटणारच. जागा बदलली की प्रवाळ मिटतं, हे घड्याळजींना पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं आणि गप्प बसणं वेगळं. उजेड जास्त होतोय म्हणून त्यांनी तिला खालच्या दगडावर ठेवलं. जेवताना वाटलं, तिथे पाणी खेळत नाही. घास तसाच टाकून, हात धुऊन तिला पुन्हा वरच्या दगडावर. मग जराशी डावीकडे. मग फिरवून. घड्याळ मागे पडलं की काटा सरकवायचा, ही उभ्या जन्माची सवय; मिटलेल्या जिवाला ती काय कामाची? संध्याकाळी त्यांनी तिला परत उचललं. सारखा अंगठा लागून एका बाजूची कातडी निघाली होती, आतलं पांढरं हाड दिसत होतं.

"अगं, ही मरतेय," ते बायकोला म्हणाले. "लेकीला काय सांगू मी?"

बायको विणकाम ठेवून आली. तिने तो डाग पाहिला, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"तुम्ही तिला जगू देत नाही आहात. ठेवा खाली, आणि हात बाहेर."

"पण उजेड..."

"हात बाहेर म्हटलं ना. पुसा, आणि इथे बसा."

तिने टाकीसमोर खुर्ची ओढली, त्यांना दोन्ही हात पुढे धरायला लावले आणि त्यांवर लोकरीची लडी चढवली. समोर बसून ती गुंडा करू लागली. आता हात हलला की लोकर गुंतणार, आणि लोकर गुंतली की बायको काय करते हे संसाराने शिकवलेलं. बोटं नुसती वळवळत होती. पंप मंद झालाय का? दगड कलंडलाय का? लेकीचा नळ अजून गळत असेल का? घड्याळजींना रडू आलं, आणि डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता. ते बायकोनेच पुसले.

"रागावली नाहीये हो ती," ती म्हणाली. "तिला फक्त घर लावायचंय."

लडी संपत आली तेव्हा ठमीच्या कडेचं एक हिरवं तोंड उघडलं. जरासंच. मग त्याच्या शेजारचं. पांढरा डाग होता तसाच होता.

शेवटचा धागा मनगटावरून सुटला. मोकळे झालेले हात घड्याळजींनी खाली घेतलेच नाहीत.

"अजून एखादी लडी आहे का गं?" त्यांनी विचारलं.