मास्तरांच्या गळ्यातली टेप

शिंपीमास्तरांना बोलायचं वावडं. चाळीस वर्षं तोंडात टाचण्या धरून जीभ आखूड झालीय, असं त्यांची बायको म्हणे. दुकान चालायचं ते एका ‘ओके’वर. गिऱ्हाइकाला ‘ओके’ म्हणजे हलू नका. बायकोला ‘ओके’ म्हणजे चहा ठेव आणि जा. कपडे उशिरा झाले म्हणून कुणी तणतणत आलं, की लांबलचक ‘ओऽके’, म्हणजे गुरुवारी या.

सुनेनं तीन वर्षं काजं-बटणं करता करता या ओक्यांची जंत्री पाठ केली होती. काम खरंच पसंत पडल्याचा ‘ओके’ तिनं एकदाच ऐकला होता. तेव्हा मास्तरांनी गळ्यातली टेप काढून खुंटीला लावली होती.

आज ती पहिल्यांदाच कोट बेतणार होती, समोरच्या वहीवाल्याचा. कापड अगदी बेताचं. चुकलं तर कोट गेला, आणि पुन्हा काजं-बटणं आहेतच. तिनं मापं घेतली, खडूनं आखलं, कात्री उचलली.

मास्तरांनी वाकून पाहिलं. “ओके.”

“सुटलीस बाई. काप आता,” सासूबाई म्हणाल्या.

टेप गळ्यातच होती. सुनेनं कात्री खाली ठेवली.

“बाबा, कुठं चुकलं?”

“ओके,” मास्तर म्हणाले आणि खिडकीतून समोर बघत राहिले.

तीही बघू लागली. वहीवाला गठ्ठे रचत होता, पोट ऐसपैस सोडून. माप देताना हे पोट कुठं दडलं होतं? मग तिच्या ध्यानात आलं. एरवी मुके असलेले मास्तर गिऱ्हाइकाच्या कमरेला टेप लावताना तेवढे बोलतात. कुणाच्या जावयाची चौकशी, कुणाच्या मांजराची. तिला ते आजवर अगत्य वाटलं होतं.

ती आपली टेप घेऊन रस्ता ओलांडून गेली. कमरेला टेप लावत म्हणाली, “काका, जावई हल्ली दिसले नाहीत तुमचे?”

“नाव काढू नकोस त्याचं,” वहीवाला म्हणाला, आणि स्वतःच काढत बसला. श्वास रोखायचं विसरला. पोट जागेवर आलं. दोन इंच जास्त.

तिनं रेघा पुसून नव्या ओढल्या; कापड जेमतेम पुरलं. मास्तर वाकले, रेघेवरून बोट फिरवलं, सरळ झाले. टेप खुंटीला लावून चहाला आत गेले.

“अगं, ओके म्हणालेच नाहीत ते,” सासूबाई धास्तावल्या.

“नाहीच म्हणाले,” सून म्हणाली, आणि तिनं कापडाला कात्री लावली.