साडेपाचला येणारी गाडी

मित्रांनो, मला जुनी म्हणा, माझी हरकत नाही. खटारा म्हणालात तर मात्र कट्टी. मी चार दारांची, लांब नाकाची, गोल दिव्यांची मोटार आहे. रंग फिकट हिरवा. मधली नऊ वर्षं मात्र माझा रंग कोणता होता, हे मलाही सांगता आलं नसतं. माझी गोष्ट ऐकताना थोडी भीती वाटेल. वाटू दे. मलाही वाटत होती.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. एका लांबच लांब पट्ट्यावरून मी पुढे पुढे सरकत होते. कुणी काच बसवत होतं, कुणी सीट आवळत होतं. अगदी शेवटी एका कामगाराने माझी चारही दारं एकेक करून लावून पाहिली आणि तो म्हणाला, "हिचं दार कसं लोण्यासारखं लागतं बघ!" माझं झालेलं ते पहिलं कौतुक. मी ते अजून जपून ठेवलं आहे.

मला घरी नेलं ते एका मोजणीदारांनी. जमिनी मोजून द्यायच्या, हद्दीच्या खुंट्या ठोकायच्या, हे त्यांचं काम. माझ्या डिकीत साखळी, खुंट्या, लाल झेंड्या आणि तीन पायांची घोडी असायची. चिखल, खडी, काटेकुटे, मी काही म्हणून पाहिलं नाही. एकदा नाला ओलांडताना माझं पोट दगडाला घासलं, तेव्हा ते खाली उतरून वाकले आणि मला "सॉरी हं" म्हणाले. मोटारीला सॉरी म्हणणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय.

घरी त्यांची बायको आणि एक मुलगी. मुलगी तिला आई म्हणायची, म्हणून मीही आईच म्हणते. रोज संध्याकाळी साडेपाचला आम्ही गल्लीत वळायचो. वळणावर मोजणीदार गिअर बदलायचे आणि माझ्या इंजिनातून एक बारीक हुंकार निघायचा. तेवढ्यावरून आई स्वयंपाकघरात ओळखायची. "आली आपली," म्हणत ती पदराला हात पुसत फाटक उघडायला यायची. आम्हाला हॉर्न कधी वाजवावा लागला नाही. गल्लीत दिवसभर शंभर गाड्या फिरत, पण ती दुसऱ्या कुठल्या गाडीला फसली नाही. मला त्याचा केवढा गर्व होता म्हणून सांगू!

पुढे मोजणीदार नोकरीतून मोकळे झाले आणि माझीही हाडं खिळखिळी झाली. कुणी म्हणालं, भंगारात द्या. ते भडकले. म्हणाले, "हिला मी माणसात आणतो की नाही बघा." घराशेजारी पत्र्याची शेड होती. तिथे त्यांनी मला स्वतःच्या हातांनी खोलायला घेतलं. सीटा काढल्या, टाकी काढली, रेडिएटर, कार्बोरेटर, वायरी सगळं काढलं. इंजिनाच्या पोटाला मात्र हात लावला नाही. आईच्या जुन्या चादरीच्या पट्ट्या फाडून प्रत्येक वस्तूला एकेक पट्टी बांधली आणि तिच्यावर पक्क्या शाईने लिहिलं. "हा बोल्ट हट्टी आहे, गोडीने." "ही वायर दिव्याची, ओढू नये." अक्षर मोत्यासारखं.

एके दुपारी ते माझ्या प्लगच्या चार वायरींना नंबर बांधत होते. एक, दोन, तीन, चार. चौथी गाठ मारली, "झालं, आता चहा," म्हणाले, आणि माझ्या कडेवर हात टेकून तिथेच खाली बसले. मला वाटलं, दमले असतील. हात किती तरी वेळ माझ्यावर तसाच होता. मग तो गार पडला. मित्रांनो, मला ओरडता आलं असतं तर! पण माझी बॅटरी त्यांनीच दोन दिवसांपूर्वी काढून ठेवली होती.

त्यानंतर शेडला कुलूप लागलं. माझी चाकं भिंतीला टेकलेली, मी विटांवर. धूळ बसली, कोळ्यांनी स्टिअरिंगला जाळी बांधली. आणि दुसऱ्याच आठवड्यात तो आवाज पहिल्यांदा आला.

संध्याकाळचे साडेपाच झाले होते. गल्लीच्या वळणावर गिअर बदलला. बारीक हुंकार निघाला. तो माझा आवाज होता! मी इथे, माझं कार्बोरेटर खोक्यात, टाकी कोपऱ्यात, आणि मी स्वतःला गल्लीतून येताना ऐकत होते. फाटकाजवळ आवाज हळू झाला. लगेच घरातून पावलं वाजली. फाटक करकरलं. थोडा वेळ सगळं शांत होतं आणि मग फाटक पुन्हा लागलं. म्हणजे आईलाही ऐकू आलं होतं.

असं रोज व्हायचं. एक दिवस चुकला नाही. मला आधी धडकी भरायची, मग सवय झाली आणि मग, काय सांगू, चार वाजल्यापासूनच मी वाट बघायला लागायची. नऊ वर्षं आम्ही दोघींनी अशी काढली. एकमेकींना न सांगता.

लेक एव्हाना मोठी झाली होती. ती छापखान्यात प्रुफं तपासायची. आई रोज गाडीचा आवाज ऐकून फाटक उघडते हे तिला माहीत होतं. आधी ती गप्प बसली. पण एकदा आई फाटकात थांबली नाही, थेट रस्त्यात गेली. समोरून मालाचा ट्रक येत होता. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला म्हणून निभावलं. "यांना वळायला जागा करून देत होते," आई शांतपणे म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शेडचं कुलूप निघालं. लेक माझ्यासमोर उभी राहिली. तिचे डोळे सुजले होते. "तुला मी सुरू करणार," ती मला म्हणाली. "खरा आवाज आईच्या कानांवर पडला की तो खोटा जाईल. नाहीतर एक दिवस ही माझ्या हातची जाईल. कळलं?" मला कळलं. पण मला हलायचीसुद्धा सोय नव्हती.

एकटीचं ते काम नव्हतं. पण जुन्या गाड्यांचं वेड असलेली माणसं एकमेकांना कशी कोण जाणे, शोधून काढतात. तीन जण दर रविवारी सकाळी येऊ लागले. एक होते ड्रायव्हरकाका. यांचा जन्म बस चालवण्यात गेला. दुसरी दातांची डॉक्टर. तिच्या दारातही माझ्या वयाची एक गाडी आहे. ती येताना दात बघायचा तो छोटा आरसा आणायची आणि माझ्या अडचणीच्या जागी घालून म्हणायची, "आ करा!" तिसरा रेडिओ दुरुस्त करणारा. तो प्रत्येक गोष्टीवर शंका घ्यायचा, म्हणून त्याला सगळे शंकासुर म्हणत. बॅटरी नवी आणली तरी तो म्हणायचा, "नवी आहे हे कशावरून?"

मित्रांनो, मला माणसात आणणं सोपं नव्हतं. पत्रा ठोकला, रंग दिला, लेकीने सीटा स्वतः शिवल्या. तोवर सगळं छान चाललं. मग टाकीतला गंज सुटला आणि पेट्रोलच्या नळीत जाऊन बसला. टाकीत खडे घालून ती तिघांनी आळीपाळीने हलवली, तेव्हा कुठे साफ झाली. मग क्लच चिकटला. ड्रायव्हरकाका म्हणाले, "नऊ वर्षं कुणी पाय ठेवला नाही, रुसणारच." दोन रविवार त्यात गेले. रेडिएटर गळला. लेक एकदा ओंजळीत तोंड लपवून रडली, तेव्हा डॉक्टरने तिच्या हातात पाना दिला आणि म्हणाली, "रडायचं तर रड, पण तो नट धरून ठेव."

शेवटी सगळं जागच्या जागी बसलं. पट्टीवर लिहिलं होतं तसंच. त्याबाबतीत लेक फार कडक. "मूळ प्रतीत हात घालायचा नाही," ती म्हणायची. छापखान्यातली शिस्त! प्लगच्या वायरीही तिने नंबर वाचून लावल्या. सगळ्या गाड्यांत असतो तसा एक नंबर पुढचा, रेडिएटरकडचा.

तिने किल्ली फिरवली. मी जीव एकवटला. फाट्! कार्बोरेटरमधून उलटा भडका उडाला आणि ड्रायव्हरकाकांच्या भुवया थोडक्यात वाचल्या. पुन्हा किल्ली. पुन्हा फाट्. त्या आवाजाने आई धावत शेडच्या दारात आली. "हे आले का?" तिने विचारलं.

तीन रविवार हेच चाललं. प्लग काढून पाहिले, ठिणगी निळी, चांगली. पेट्रोल येतंय. हवा दाबली जातेय. ठिणगीचा क्रम एक, तीन, चार, दोन, अगदी बरोबर. शंकासुराने बॅटरीवर, किल्लीवर, पेट्रोलपंपावर, एवढंच काय, ड्रायव्हरकाकांच्या चष्म्यावरही शंका घेतली. त्या चार पट्ट्यांवर मात्र घेतली नाही. गेलेल्या माणसाच्या हातचं ते शेवटचं काम. त्यावर शंका कशी घ्यायची?

आणि मला सगळं ठाऊक होतं! पहिल्याच दिवशी मला कळलं होतं की वायरी उलट्या लागल्या आहेत. सांगायला तोंड नव्हतं. फाट् एवढं एकच बोलता येत होतं, ते मी बोलत होते.

चौथ्या रविवारी आई चहाचा ट्रे घेऊन आत आली. मोजणीदार गेल्यापासून शेडमध्ये पाय ठेवायची तिची ती पहिलीच वेळ. तिने पट्ट्यांवरचं अक्षर पाहिलं आणि ट्रे माझ्या नाकावर ठेवला. मग म्हणाली, "एक नंबर तिकडे का लावलाय गं?"

"आई, एक नंबर पुढचाच असतो. सगळ्या गाड्यांत."

"असेल. तुझ्या बाबांच्या मोजण्यात नव्हता. ते मोजायचे ते स्वतः उभे असतील तिथून. मोजणीची पहिली खुंटी आपल्या पायाशी, असं म्हणायचे. जिन्याची पहिली पायरी त्यांची वरची. तिसरी पायरी हलते म्हणून मावशीला बजावलं, तिने मोजली खालून, आणि आपटली ना? ते इथे काचेपाशी उभे असणार. मग एक नंबर इकडचा."

ड्रायव्हरकाकांनी कपाळावर हात मारला. "अहो, या टोकाचं त्या टोकाला नेलं तरी क्रम तोच राहतो! म्हणून आपल्याला सगळं बरोबर दिसत होतं. ठिणगी पडत होती, पण भलत्या वेळी." शंकासुर खाली मान घालून म्हणाला, "माझी चूक. मी शंका घ्यायला हवी होती."

लेकीने चारही वायरी काढल्या आणि काचेकडून मोजून पुन्हा लावल्या. किल्ली फिरवली. मी एकदा खोकले, दोनदा खोकले आणि तिसऱ्यांदा सुरू झाले! नऊ वर्षांनी! पत्रे थरथरले, ट्रेमधले कप नाचायला लागले. डॉक्टर टाळ्या पिटत होती, ड्रायव्हरकाका डोळे पुसत होते. लेक माझ्याकडे बघतच नव्हती. ती आईकडे बघत होती. आईने डोळे मिटले होते. "हाच," ती म्हणाली. "हाच आवाज." मग डोळे उघडून म्हणाली, "बंद कर आता, चहा गार होतोय."

त्या संध्याकाळी साडेपाच वाजले. गल्लीत काही वळलं नाही.

सोमवारी नाही. मंगळवारीही नाही. आई फाटकाशी गेली नाही. लेकीने फोन करून तिघांना सांगितलं, "सुटलो! आई घरातच बसली." फोनवर ती हसत होती. तिने जे मागितलं ते तिला मिळालं, आणि ते मी दिलं. मला आनंद व्हायला हवा होता. पण मीही चार वाजल्यापासून कान लावून बसले होते, आणि माझ्याही कानांवर काही आलं नाही.

बुधवारी साडेपाचला आई एकटीच शेडमध्ये आली. दार उघडून माझ्यात बसली, तिच्या नेहमीच्या बाजूला. शेजारच्या रिकाम्या सीटकडे तिने पाहिलं नाही. "रोज यायचे," ती मला म्हणाली. "वळायचे, फाटकाशी थांबायचे. मी उघडायची. आत यायचे नाहीत, पण यायचे. आता तू आलीस आणि ते थांबले." तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

इतक्यात लेक आली. आईला माझ्यात बसलेली पाहून तिला कोण आनंद झाला! ती चटकन स्टिअरिंगशी बसली. "चल, तुला फिरवून आणते. कुठे जायचं?" तिने किल्लीला हात घातला.

आईने तिचा हात धरला. "नको सुरू करूस," ती म्हणाली. "जरा गप्प बसू या. कदाचित ऐकू येईल."

लेकीने किल्ली काढून घेतली. तेव्हापासून रोज साडेपाचला त्या दोघी माझ्यात येऊन बसतात आणि मी इंजिन गार ठेवून त्यांच्यासोबत ऐकत राहते. मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू पडून असेल तर तिला जरूर दुरुस्त करा, तेलपाणी करा, टाकून देऊ नका. फक्त हात लावण्याआधी घरातल्या थोरल्या माणसाला एकदा विचारा, की तुला हिच्यातून काय ऐकू येतं. आम्हाला कुणी विचारलं नाही.