पलंग ते खुर्ची

"पट्टा आणखी एक भोक आवळ," आई म्हणाली. "सैल राहिला तर खुर्चीत नाही, जमिनीवर जाईन मी."

थोरलीनं आईच्या कमरेचा रुंद पट्टा आवळला. धाकटी हाताची घडी घालून दारात उभी होती, बाहेरून आलेल्या परीक्षकासारखी. पैज सरळ होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून आईला पलंगावरून खुर्चीत बसवायला रोज शेजाऱ्यांना हाक मारावी लागे. आज थोरलीनं एकटीनं बसवलं, तर आई इथंच राहणार. नाही जमलं, तर धाकटी तिला आपल्या घरी नेणार. गाडी खाली उभीच होती.

"ताई, कशाला हट्ट करतेस? सरक, मी उचलते. मिनिटाचं काम."

मिनिटाचं काम! थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. धाकटीला सगळंच मिनिटाचं. ती बोलत बोलत तीन जिने चढायची. थोरली दुसऱ्या जिन्यावर थांबून चपलेचा बंद नीट करायचं सोंग करायची. थोरलीला जन्मापासून थॅलेसेमिया. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायचं, की पुढचे तीन आठवडे ढकलायचे. धाकटीला जन्माला घातलं तेच मुळी तिच्या हाडातला मगज जुळेल आणि थोरली बरी होईल म्हणून. मगज जुळला नाही. धाकटी मात्र ठणठणीत निघाली. जिच्यासाठी आली तिच्या उपयोगी पडली नाही आणि तब्येत तेवढी घेऊन बसली, असं थोरलीला चाळिशीला आली तरी वाटे. हे वाटणं चूक आहे हेही तिला कळत होतं. पण कळलं म्हणून पोटातलं दुखणं थांबतं थोडंच?

शिंप्याच्या दुकानात ती काजं करायची. बसून करायचं काम, ते तिला झेपे. गेले तीन महिने मात्र दुकानातून सुटली की ती इस्पितळात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे जात होती. बाई तिला रबराचा पट्टा ताणायला लावत, हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठवत आणि शेवटी मुठीची ताकद मोजायचं यंत्र हातात देत. पहिल्या दिवशी काटा चौदा किलोवर अडला होता. परवा अठरावर गेला.

"माझी बहीण काटा तीसच्या पार नेईल," ती म्हणाली होती.

"बहिणीला मी ओळखत नाही," बाई म्हणाल्या. "चौदावाली कुठं गेली ते सांगा."

रविवार थोरलीनंच ठरवला होता. गुरुवारी रक्त चढणार, म्हणजे रविवारी अंगात पुरता जोर. पण गुरुवारी जुळणारी पिशवीच मिळाली नाही. सोमवारी या, म्हणाले. हे तिनं घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर धाकटीनं मोठ्या मनानं तारीख पुढे ढकलली असती, आणि ते मोठं मन तिला बघवलं नसतं.

तिनं आपले गुडघे आईच्या गुडघ्यांना लावले, पट्टा दोन्ही हातांनी धरला.

"नाक माझ्या खांद्यावर आण. झुक पुढं. एक, दोन, तीन!"

आई अर्धी उठली आणि अडली. थोरलीच्या कानात घुमायला लागलं. धाकटी एक पाऊल पुढे आली.

"हात लावलास तर बघ!" थोरली दातओठ खाऊन म्हणाली.

तिनं टाचा रोवल्या, आईला छातीशी घेतलं, वळवलं आणि खुर्चीत बसवलं. मग स्वतः पलंगावर कोसळली. बोलायला श्वास नव्हता, तरी धाकटीकडे बघून हसली. अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

धाकटी एकदम म्हणाली, "जिंकलीस. नेहमीसारखी."

"नेहमीसारखी? मी?"

"आई कायम तुझ्याच उशाशी. मला ताप आला तरी शेजारच्या काकूंकडे. 'तू काय, धडधाकट आहेस!' धडधाकट असणं गुन्हा होता का गं माझा? वाटायचं, आपल्यालाही असलंच काहीतरी व्हावं." तिनं खुर्चीची पाठ धरली. "आता आई मिळेल वाटलं होतं. थोडे दिवस तरी."

"मी काय कपाट आहे, इकडून तिकडे न्यायला?" आई पुटपुटली, पण तिची मान खाली होती.

आपला कोणी हेवा करत असेल हे थोरलीच्या स्वप्नातही आलं नव्हतं. खरं सांगायचं तर दया नंतर आली. आधी तिला बरं वाटलं, फार बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची मग लाजही वाटली.

"आई, जातेस हिच्याकडे?" तिनं विचारलं.

आईनं धाकटीकडे पाहिलं. "नेत असेल तर जाते."

"दोन महिने ने," थोरली धाकटीला म्हणाली. "दोन म्हणजे दोन. औषधं लिहून देते."

धाकटीनं आईला लेकरासारखं उचललं. थोरलीच्या काळजात पुन्हा चर्र झालं. ते काही एका दिवसात जाणारं नव्हतं. ती दार धरून उभी राहिली.

"थांब गं," उंबऱ्याशी आई धाकटीला म्हणाली. मग हात लांब करून तिनं अंगठ्यानं थोरलीची खालची पापणी ओढली. आतला पांढरा रंग पाहिला.

"रक्त चढलं नाही ना तुला?"

"उद्या आहे."

"आणि अशात मला उचललंस!" आईचा अंगठा गालावरून हलेना.

धाकटीचे हात भरून आले होते, पण तिनं आईला खाली ठेवलं नाही, की घाई केली नाही. तिनं फक्त मान दुसरीकडे वळवली.