सातव्या बांधीचा रुपया

"नाण्याले कडी लावून आणली?" लटारूभाऊंचा हात चहाच्या कपावरच थांबला.

"मंग? सोनारानं चांगली घट्ट बसवली," म्हणत मंगलीबाईंनी गळ्यातली माळ सरळ केली. सहा जुन्या, झिजलेल्या रुपयांमध्ये कॅनडाचं कोरं चांदीचं नाणं लखलखत होतं.

लटारूभाऊ म्हणजे गडचिरोली-सिरोंचा एसटीवर तीस वर्षं कंडक्टरकी करत नाणी जमवलेला माणूस; त्यांना नाण्यावर बोटाचा ठसाही खपत नसे. लेक उर्वशी तिकडे गव्हाच्या मुलखात नोकरीला. गवताळ मैदानं नांगरून लोकांनी तिथं गावं वसवली, त्याच्या आठवणीची चार नाणी निघाली होती. दर वर्षी एक अशी तीन तिनं धाडली, परवा चौथं आलं. अल्बममधला कप्पा त्यांनी स्वतः पुसून ठेवला होता. आणि आता हे, डाख देऊन कडी चिकटवलेलं! झाला ना सत्यानाश.

"मले इचारायचं तरी," ते कसेबसे म्हणाले.

"तुमी इचारलं होतं काय?"

आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. मंगलीबाईंची आजी धानोऱ्याकडे जंगल तोडून वसलेल्या पहिल्या घरांतली. धानाची एक बांधी, म्हणजे बांध घातलेलं खाचर, तयार झाली की माळेत एक रुपया ओवायचा, अशी त्या घराची रीत. सात बांध्या, सात रुपये. लग्नाच्या वर्षी लटारूभाऊंनी त्यातला सातवा, साल दुर्मिळ म्हणून, काढून अल्बमात ठेवला. नवी नवरी काही बोलली नाही. यांनी तोच होकार धरला.

"नाण्यावर बाई हाये, नांगरामागं. पाठीशी लेकरू बांधलेलं," मंगलीबाई म्हणाल्या. "मले वाटलं, हे त आजीच होय. माळेत जागा खालीच होती."

लटारूभाऊ उठले. अल्बम आणला, तो रुपया काढून मंगलीबाईंच्या तळहातावर ठेवला. "घे. चुकलंच माहं."

मंगलीबाईंनी त्यावरून अंगठा फिरवला. मग स्वतःच तो परत कप्प्यात सरकवला.

"राहू द्या. पस्तीस वर्सं तुमी जपला. मले हे बाई आवडली."

दोघंही हसले. चहा निवला होता, तो पुन्हा गरम झाला.

दुपारी लटारूभाऊ पेन घेऊन बसले. जुन्या रुपयाखालच्या चिठ्ठीवरचा 'दुर्मिळ' शब्द खोडून लिहिलं: 'मंगलीच्या आजीची सातवी बांधी.' मग चौथ्या कप्प्यासाठी नवी चिठ्ठी कापली. 'गवताळ मुलखाची वसाहत. चांदी. मंगलीच्या गळ्यात.' रिकाम्या कप्प्यात ती नीट बसवली आणि अल्बम मिटला.