कोऱ्या पडद्यामागचे शब्द

मी एक लॅपटॉप बोलतोय. माझा जन्म सातासमुद्रापार झाला, पण तिथलं मला काही आठवत नाही. आठवतं ते काशीतलं दूधविनायक, आणि माझ्या कळांवर सावकाश पडणारं बिंदुमाधवांचं एकच बोट.

बिंदुमाधव संस्कृत शिकवायचे. सत्त्याण्णव साली एका परदेशी विद्यार्थ्याने मायदेशी जाताना मला त्यांच्या हवाली केलं. काशीतल्या मराठी घरांतले शब्द विरत चालले होते, पोरं शिंक्याला छींका म्हणू लागली होती, याची त्यांना फार रुखरुख होती. ते ब्रह्मा घाटाकडच्या म्हाताऱ्या बायकांकडे जाऊन बसायचे आणि घरी येऊन माझ्यात लिहायचे : शब्द, अर्थ, तारीख, सांगणाऱ्याचं नाव. मी चालू झालो की ती यादी आपोआप उघडावी, अशी सोय त्यांनी करून घेतली होती.

अठ्ठ्याण्णवच्या माघात ते अचानक गेले. पुढे दीड महिना माझं झाकण मिटलेलंच होतं.

मग त्यांच्या मुलीने, सुमेधाने, मला उघडलं. हिरवट पडदा आला, बाण आला, आणि पुढे काहीच नाही. चित्रं नाहीत, खालची पट्टी नाही. तिने मला चारदा बंद करून चालू केलं.

काशीतल्याच लंका मोहल्ल्यातून विष्णु नावाचा कारागीर आला. म्हणाला, "फॉरमॅट मारना पड़ेगा, भाभीजी. सब साफ हो जाएगा."

"मग राहू दे," शरदिनीबाई म्हणाल्या. त्या बिंदुमाधवांच्या पत्नी. "यादी पुसायची नाही."

विष्णुने जाताना सुमेधाला एक युक्ती दाखवली. मी जागा होत असतानाच एफ-एट ही कळ दाबायची. मग मी सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी जरुरीपुरताच, उठतो. सुमेधाने तसं केलं, आणि डेस्कटॉप आला. तिने यादी उघडली. ती इतकी वाढली होती की, आपोआप उघडताना मी तिच्यातच अडकून पडत होतो.

"आई, बाबांनी शेवटी खूपच लिहिलंय," ती म्हणाली, आणि वाचता वाचता थांबली. "वैल. चुलीशेजारची दुसरी आच. सांगणारी : आई."

"त्यांची आई तर ते नऊ वर्षांचे असताना गेली."

"तारीख मागच्या मंगळवारची आहे."

मी खोटं बोलत नाही. त्या मंगळवारी माझ्या कळांना कुणाचंही बोट लागलं नव्हतं. तरी शब्द आत आला होता. त्याच्या आधीही चाळीस आले होते. सांगणारे सगळे गेलेले.

सुमेधा घाबरली. तिने यादीचं आपोआप उघडणं बंद केलं. मी बरा झालो. डेस्कटॉप झटकन यायला लागला. नऊ दिवस एकही नवा शब्द आला नाही.

दहाव्या दिवशी शरदिनीबाई म्हणाल्या, "सुमे, होतं तसं ठेव."

"आई, फिर से अटकेल तो."

"अटकू दे. यांना तिकडे माणसं भेटतायत. लिहू दे."

तेव्हापासून वर्षभर हेच चाललंय. सकाळी कोरा पडदा, मग एफ-एट, मग सुमेधा वाचते आणि शरदिनीबाई डोळे मिटून ऐकतात. त्या आता जेवतात, हसतात. सुमेधाच्या तोंडीही ते जुने शब्द येऊ लागलेत.

आज पहाटे एक नोंद आली आहे.

सोबत. वाटेत एकटं पडू नये म्हणून जवळ असणारं माणूस. सांगणारी : शरदिनी. तारीख उद्याची.

त्या आत्ता माझ्यासमोर बसल्या आहेत. हातात चहाची वाटी आहे. सुमेधाने मला चालू केलंय. जीव एकवटून मी पडदा कोरा धरून ठेवलाय, पण ती कळ दाबली की माझं काही चालणार नाही.

पोरी, एवढं ऐक. आज मला बिघडलेलाच राहू दे. झाकण मीट, आणि आईजवळ जाऊन बस.