कार्पेटवरचा अंदाज

भांडुपच्या टेकडीला खेटून उभी असलेली आपली जुनी इमारत बिल्डरकडे न सोपवता आपणच पाडायची आणि आपणच बांधायची, असं सोसायटीने ठरवलं होतं. आज सभेत खर्चाचा अंदाज मंजूर व्हायचा होता. मृणालिनी अंधेरीला एका आर्किटेक्टकडे हेच अंदाज काढायचं काम करी. तिचे आईवडील या इमारतीत राहत, म्हणून भाऊंनी, तिच्या वडिलांनी, तिला मुद्दाम बोलावलं होतं.

अध्यक्ष श्यामसुंदर परब उठले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून या गृहस्थांना जगातलं सगळंच कळू लागलं होतं. भाच्याच्या बोरिवलीच्या इमारतीला चौरस फुटामागे जो दर पडला, त्याने त्यांनी आपल्या घरांचं कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ, गुणलं, आकडा फळ्यावर लिहिला आणि खाली दोन रेघा ओढल्या. टाळ्या पडल्या. मृणालिनीचं डोकंच उठलं.

"काका, जिना कार्पेटमध्ये येतो? लिफ्ट? पार्किंगचे मजले? घर विकताना कार्पेट बघतात, बांधताना काँक्रीट सगळ्यालाच लागतं ना! आणि बोरिवलीची जागा सपाट. इथे मागे कातळ फोडायचाय, टेकडी अडवायला भिंत घालायचीय. खर्च दुप्पट होईल. अर्ध्यावर पैसे संपले की बसाल भाड्याच्या घरात."

"मग करायचं काय गं?" शेजारच्या नंदाकाकूंनी विचारलं. त्या खरंच घाबरल्या होत्या.

उत्तर सोपं होतं. मागची जमीन तपासायची, पाया, सांगाडा, लिफ्ट, नळकाम असे भाग पाडून प्रत्येकाचा वेगळा अंदाज मांडायचा. कच्च्या आराखड्यावरही ते जमतं. पण त्या टाळ्या अजून तिच्या कानात होत्या.

"आधी चौथीच्या पुस्तकातलं क्षेत्रफळ शिकून या," ती म्हणाली. "मग बोलू."

नंदाकाकूंचा चेहरा उतरला. परब मात्र गोड हसले. "आम्ही बाबा अडाणी. मतदान घेऊ या."

हात भराभर वर गेले. सगळ्यांत शेवटी भाऊंचा.

"भाऊ, अहो घर जाईल!"

"तुझंच बरोबर असेल," भाऊ खालच्या आवाजात म्हणाले. "पण नंदाच्या देखत तुझ्या बाजूने हात वर करायची मला लाज वाटली गं."